लाकडाच्या गुणांमागची जनुके कशी शोधतात

एकाच दिवशी लावलेली, एकाच ओळीत वाढलेली आणि जवळपास सारख्याच जाडीची दोन पाइनची झाडे कापून त्यांच्या फळ्या पाडल्या, तर वाळल्यावर एका झाडाची फळी सरळ राहते आणि दुसऱ्याची वाकते, हा लाकडाचे काम करणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव आहे. माती तीच, पाऊस तोच, वय तेच. मग हा फरक आला कुठून? काही फरक वाऱ्याच्या दाबातून, उतारावरच्या उभे राहण्यातून आणि शेजारच्या झाडाच्या सावलीतून येतो, पण त्यातला मोठा वाटा झाड बीजात असतानाच ठरलेला असतो. हा वाटा डीएनएच्या नेमक्या कोणत्या ठिकाणी नोंदलेला आहे, हे शोधण्याची एक पद्धत म्हणजे जनुकीय साहचर्याचा अभ्यास. साहचर्य म्हणजे सोबत आढळणे: डीएनएमधला एखादा लहानसा फरक आणि लाकडाचा एखादा गुण शेकडो झाडांमध्ये पुन्हा पुन्हा सोबत आढळतो का, एवढेच या अभ्यासात पाहिले जाते. प्रश्न सोपा आहे. उत्तरावर विश्वास ठेवता येईल अशा रीतीने तो विचारणे अवघड आहे.

वनवृक्षांच्या बाबतीत या प्रश्नाला एवढे महत्त्व येते ते वेळेमुळे. धान्याच्या पिकात वर्षाकाठी एक पिढी पाहता येते. पाइन किंवा स्प्रूसमध्ये मात्र निवड, संकर, लागवड आणि चाचणी असे एक आवर्तन पूर्ण व्हायला दोन दशकेसुद्धा लागू शकतात. झाडाची उंची पहिल्या एक-दोन वर्षांतही मोजता येते, लाकडाचे तसे नाही. कोवळ्या झाडाचे लाकूड आणि त्याच झाडाचे पंधरा-वीस वर्षांनंतरचे लाकूड यांत इतका फरक असतो की लहान रोपावरून मोठ्या झाडाच्या लाकडाबद्दल ठामपणे बोलणे धोक्याचे ठरते. डीएनए मात्र पहिल्या कोवळ्या पानातही पूर्ण असतो. त्यातला कोणता भाग लाकडाशी जोडलेला आहे हे कळले, तर रोपवाटिकेतल्या रोपाकडे पाहून निदान काही अंदाज बांधता येईल, ही या साऱ्या कामामागची आशा आहे.

पुढचे समजण्यासाठी लाकडाच्या आत थोडे डोकावावे लागेल. लाकूड म्हणजे उभ्या, लांबट, बहुतेक मृत झालेल्या पेशींचा जुडगा असतो. प्रत्येक पेशी एखाद्या अतिशय बारीक नळीसारखी असते आणि नळीची भिंत अनेक थरांची बनलेली असते. त्यांतल्या सर्वांत जाड, मधल्या थरात सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू नळीभोवती तिरके गुंडाळलेले असतात. हे तंतू नळीच्या लांबीशी जो कोन करतात, त्याला सूक्ष्मतंतुकोन म्हणतात. कोन लहान असेल, म्हणजे तंतू जवळपास उभे असतील, तर लाकूड ताठ राहते आणि वाळताना लांबीच्या दिशेने फारसे आखडत नाही. कोन मोठा असेल, तर पेशी स्प्रिंगसारखी वागते: भार आला की अधिक लवते आणि वाळताना लांबीतही आकसते. पाइनच्या खोडाच्या अगदी मध्याजवळच्या वलयांत हा कोन बऱ्याचदा ३० अंशांहून अधिक असतो, आणि सालीकडे जाताना तो १० ते १५ अंशांपर्यंत उतरू शकतो. फळीची एक कड मध्याजवळच्या लाकडाची आणि दुसरी बाहेरच्या लाकडाची असेल, तर दोन्ही कडा वाळताना वेगवेगळ्या मापाने आकसतात आणि फळी वाकते. सुरुवातीच्या उदाहरणातल्या वाकड्या फळीमागे अनेकदा हेच कारण असते.

या तंतूंच्या मधली जागा लिग्निन नावाच्या पदार्थाने भरलेली असते. झाडाला उभे राहण्याचे बळ आणि पाणी वर चढवताना नळ्या चेपू न देण्याची ताकद लिग्निन देते. कागदाच्या कारखान्यात मात्र तेच लिग्निन रसायने आणि उष्णता खर्चून वेगळे काढावे लागते. म्हणून लाकडाची घनता, सूक्ष्मतंतुकोन, लिग्निनचे प्रमाण व त्याची घडण, आणि पेशींची लांबी-जाडी हे अभ्यासकांच्या यादीतले मुख्य गुण असतात.

हे गुण मोजायचे कसे? झाड न तोडता, साधारण छातीच्या उंचीवर, पोकळ गिरमिटाने खोडाला आरपार किंवा मध्यापर्यंत छिद्र पाडून लाकडाची एक गोल सळी बाहेर काढतात. ती ५ किंवा १२ मिलिमीटर जाडीची असते. सळी हातात धरून उजेडात पाहिली, तर फिकट आणि गडद पट्टे एकाआड एक दिसतात. फिकट पट्टा हंगामाच्या सुरुवातीला घाईने वाढलेल्या, पातळ भिंतींच्या पेशींचा असतो, गडद पट्टा हंगामाच्या अखेरीस सावकाश घडलेल्या, जाड भिंतींच्या पेशींचा. दोन्ही मिळून एक वर्ष. म्हणजे त्या एका सळीत झाडाचे सारे आयुष्य वर्षवार मांडलेले असते. तिची पातळ पट्टी कापून क्ष-किरणांखाली सरकवत नेली, की प्रत्येक वलयाची घनता कळते, आणि क्ष-किरण तंतूंवरून कसे विखुरतात यावरून कोनही काढता येतो. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संशोधन संस्थेत रॉबर्ट इव्हान्स यांनी विकसित केलेल्या सिल्व्हिस्कॅन या यंत्रामुळे ही मोजमापे एकाच पट्टीवर वेगाने होऊ लागली, आणि शेकडो झाडे मोजणे शक्य झाले. रासायनिक घटकांसाठी लाकडाच्या चुऱ्यावर अवरक्त प्रकाश टाकून तो कसा शोषला जातो यावरून अंदाज काढतात. डीएनए वाचण्याचे कौतुक फार होते, पण माझ्या मते या विषयाचा खरा पाया मोजमाप हा आहे. लाकडाचे मापच डळमळीत असेल, तर लाखो डीएनए-नोंदी हाताशी असूनही उपयोग होत नाही.

आता मुख्य कल्पना पाहू. डीएनए ही चार अक्षरांची प्रचंड लांब ओळ आहे असे मानले, तर एकाच जातीच्या दोन झाडांमध्ये ही ओळ बहुतेक सारखी असते आणि अधूनमधून एखाद्या अक्षराने वेगळी असते. एका अक्षराच्या अशा फरकाला स्निप म्हणतात. समजा, एका ठिकाणी काही झाडांत ‘सी’ आहे आणि काहींत ‘टी’. प्रत्येक झाडाकडे आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन प्रती असतात, त्यामुळे झाडांचे तीन गट पडतात: दोन्ही ‘सी’, एक ‘सी’ एक ‘टी’, आणि दोन्ही ‘टी’. तिन्ही गटांतल्या लाकडाच्या सूक्ष्मतंतुकोनाची सरासरी काढायची आणि ती योगायोगाने पडेल त्याहून अधिक फरकाने वेगळी आहे का ते तपासायचे. हेच काम हजारो किंवा लाखो ठिकाणी करायचे. पद्धतीचा गाभा एवढाच आहे.

यात शंका अशी येईल की पूर्वी हेच काम दोन झाडांचा संकर करून, त्यांच्या संततीत गुण आणि डीएनएची सांगड घालून करत असत, मग नव्या पद्धतीची गरज काय? उत्तर पत्त्यांच्या उदाहरणाने देता येईल. पत्त्यांचा नवा जोड एकदाच पिसला, तर शेजारशेजारचे बरेच पत्ते अजूनही एकत्र राहतात. हजार वेळा पिसला, तर कोणता पत्ता मूळ कोणाशेजारी होता याचा मागमूस राहत नाही. एका संकरात डीएनए एका पिढीपुरता पिसला जातो. त्यामुळे गुणाशी जोडलेला भाग सापडला तरी तो लाखो अक्षरे लांब असतो आणि त्यात शेकडो जनुके असू शकतात. त्यांतले कोणते कामाचे हे कळत नाही. रानात वाढलेल्या, एकमेकांशी जवळचे नाते नसलेल्या झाडांमध्ये मात्र डीएनए असंख्य पिढ्या पिसला गेलेला असतो. तिथे दोन ठिकाणचे फरक सोबत आढळत असतील, तर ती ठिकाणे एकमेकांच्या फार जवळ असली पाहिजेत. लॉब्लॉली पाइन या अमेरिकन जातीत ही सोबत साधारण दोन हजार अक्षरांच्या आतच विरून जाते, असे आढळले आहे. पाइनचे परागकण वाऱ्याने दूरवर जातात, झाडांची संख्या अफाट आहे आणि या जाती अजून बऱ्याच अंशी रानटी अवस्थेतच आहेत, ही त्यामागची कारणे आहेत.

वनवृक्षांमधले बळ आणि अडचण ही दोन्ही याच एका गोष्टीतून येतात, आणि हा संपूर्ण विषय समजून घ्यायचा तर हेच ध्यानात ठेवावे लागते. सोबत इतक्या लवकर विरते म्हणून सापडलेली खूण, म्हणजे गुणाशी जोडलेला स्निप, खऱ्या कारणाच्या अगदी जवळ, बहुधा त्याच जनुकात असते. पण त्याच कारणाने, जिथे खूण तपासली नाही तिथले काहीही दुरून कळत नाही. लॉब्लॉली पाइनचा जिनोम, म्हणजे डीएनएची संपूर्ण ओळ, सुमारे २२ अब्ज अक्षरांचा आहे, म्हणजे माणसाच्या सातपट. दर दोन हजार अक्षरांमागे एक खूण तपासायची ठरवली तरी १ कोटी १० लाख खुणा लागतील. म्हणून सुरुवातीच्या अभ्यासकांनी सगळा जिनोम सोडून निवडक संशयित जनुकांपुरतेच पाहायचे ठरवले. लिग्निन घडवणारी विकरे (रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने) आणि पेशीभित्तिका उभारणारी प्रथिने यांची जनुके आधीपासून माहीत होती. त्यांतच शोध घेतला गेला.

या मार्गाचा एक सुरेख नमुना २००५ मध्ये पुढे आला. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी निलगिरीच्या ‘युकॅलिप्टस नायटेन्स’ या जातीच्या नैसर्गिक समूहातली २९० झाडे घेतली आणि सीसीआर या जनुकातले २५ स्निप तपासले. सीसीआर हे लिग्निन घडवण्याच्या साखळीतले विकर आहे. त्याच्या काही रूपांचा सूक्ष्मतंतुकोनाशी संबंध दिसला. लिग्निनचे जनुक सेल्युलोजच्या तंतूंच्या कोनाशी जोडलेले निघावे, हे आधी कोणी सहज सांगितले नसते. भिंतीचे दोन्ही घटक एकमेकांना किती बांधलेले आहेत याची ती चुणूक होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे संशोधक तिथे थांबले नाहीत. तोच संबंध त्यांनी याच जातीच्या एका संकर-कुटुंबात आणि ‘युकॅलिप्टस ग्लोब्युलस’ या वेगळ्या जातीच्या कुटुंबातही पडताळला. पुढे २००७ मध्ये लॉब्लॉली पाइनमध्ये २० जनुकांमधल्या ५८ स्निपचा असाच अभ्यास झाला. त्यात सीएडी या लिग्निनच्याच विकराच्या जनुकाचा हंगामाच्या सुरुवातीच्या लाकडाच्या घनतेशी, आणि ट्युब्युलिन या पेशीच्या सांगाड्यातील प्रथिनाच्या जनुकाचा सूक्ष्मतंतुकोनाशी संबंध आढळला. सेल्युलोजचे तंतू कोणत्या दिशेने विणले जावेत यात ट्युब्युलिनच्या नलिकांचा हात असतो, त्यामुळे हा दुवा जीवशास्त्रालाही पटणारा होता.

दरम्यान संपूर्ण जिनोम वाचले जाऊ लागले. २००६ मध्ये ‘पॉप्युलस ट्रिकोकार्पा’ या पॉप्लरचा जिनोम प्रसिद्ध झाला. झाडांमधला तो पहिला. २०१३ मध्ये नॉर्वे स्प्रूसचा आणि २०१४ मध्ये ‘युकॅलिप्टस ग्रँडिस’ व लॉब्लॉली पाइन यांचे जिनोम आले. पॉप्लरचा जिनोम सुमारे ५० कोटी अक्षरांचा, म्हणजे पाइनच्या तुलनेत चाळिसाव्या हिश्श्याहूनही थोडा लहान असल्याने विस्तृत शोध आधी तिथे झाला. २०१३ च्या एका अभ्यासात पॉप्लरची ३३४ झाडे आणि २९,२३३ स्निप घेऊन लाकडाचे गुण तपासले गेले, आणि १४१ स्निपचा संबंध दिसून आला.

या आकड्यांकडे पाहताना सावध राहण्याची दोन कारणे आहेत. पहिले निव्वळ गणिताचे. एका तपासणीत योगायोगाने फसण्याची शक्यता शंभरात पाच मानली, तर २९,२३३ तपासण्यांमध्ये सुमारे १,४६० खोटे दुवे आपोआप दिसतील, मग एकाही स्निपचा लाकडाशी काही संबंध नसला तरी! म्हणून तपासण्यांची संख्या वाढेल तशी पुराव्याची पातळी कडक करावी लागते, आणि पातळी कडक केली की खरे पण क्षीण दुवेही गळून पडतात. या ओढाताणीवर अधिक झाडे मोजण्याखेरीज फारसा उपाय नाही.

दुसरे कारण नात्यागोत्याचे आणि भूगोलाचे. हे पॉप्लर उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंत पसरलेले आहे. उत्तरेकडची झाडे दक्षिणेकडच्यांपेक्षा हंगामात लवकर वाढ थांबवतात. डीएनएमधले कित्येक फरकही केवळ अंतरामुळे उत्तर-दक्षिण बदलत जातात, त्यांचा लाकडाशी काही संबंध नसतो. आता उत्तर आणि दक्षिण एकत्र मिसळून तपासणी केली, तर असा प्रत्येक फरक लाकडाशी जोडलेला ‘दिसेल’. यासाठी झाडांचे आपसातले नाते आणि समूहांची रचना डीएनएवरूनच काढून ती हिशेबातून वजा करतात. हा उपाय चांगला आहे, पण त्याची किंमतही मोजावी लागते: ज्या जनुकाचे रूप खरोखरच उत्तर-दक्षिण बदलत गेले आणि त्यानेच लाकूडही बदलले, असे जनुक या वजाबाकीत नाहीसे होते.

एवढे करून हाती लागलेले दुवे केवढे असतात? लहान. पाइन आणि निलगिरीच्या त्या अभ्यासांत एकेक स्निप झाडाझाडांतल्या फरकाच्या पाच टक्क्यांहूनही कमी भाग समजावतो. दुसरीकडे, लाकडाच्या घनतेतल्या फरकाचा निम्म्याच्या आसपास भाग आनुवंशिक असतो, असे नातेवाईक झाडांच्या तुलनेतून अनेक जातींत दिसते. मग उरलेला भाग कुठे गेला? तो शेकडो, कदाचित हजारो जनुकांमध्ये इतका बारीक वाटला गेला आहे की एकेकाचा आवाज ऐकू येत नाही. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९१८ मध्येच दाखवले होते की उंचीसारखा सलग बदलणारा गुण अनेक जनुकांच्या छोट्या परिणामांची बेरीज असू शकतो. लाकडाचे गुण त्याच घराण्यातले आहेत. शिवाय थोड्या झाडांच्या अभ्यासात कडक पातळी ओलांडून वर येतात ते बहुधा योगायोगाने मोठे दिसलेले परिणाम. त्यामुळे दुसऱ्या समूहात पुन्हा मोजल्यावर आकडा खाली येतो. पहिल्या अभ्यासातला आकडा कमाल मर्यादेसारखा वाचावा, असे मला वाटते.

मोठा परिणाम करणारी रूपे झाडांत नसतातच असे मात्र नाही. अमेरिकेतल्या लॉब्लॉली पाइनच्या पैदास-कार्यक्रमात ७-५६ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या झाडात सीएडी जनुकाची एक बिघडलेली प्रत सापडली. जनुकाच्या ओळीत दोन अक्षरे जास्तीची घुसली आहेत, आणि त्यामुळे पुढचे सगळे वाचन चुकून विकर तयारच होत नाही. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या की साल सोललेल्या खोडाचे लाकूड नेहमीच्या फिकट पिवळसर रंगाऐवजी तांबूस तपकिरी दिसते. विकराअभावी लिग्निनचे नेहमीचे घटक पुरेसे बनत नाहीत, झाड हाताशी असलेले दुसरे घटक वापरून भिंत पुरी करते, आणि रंग त्या बदललेल्या घडणीतून येतो. झाड तरीही उभे राहते. एकच प्रत बिघडलेल्या झाडांची वाढ काही चाचण्यांमध्ये चक्क अधिक आढळली. इतका ठळक परिणाम असूनही साहचर्याच्या अभ्यासातून हे रूप सापडणे अवघड होते, कारण ते अत्यंत दुर्मीळ आहे, आणि गटांची सरासरी काढण्यासाठी प्रत्येक गटात पुरेशी झाडे लागतात म्हणून दुर्मीळ रूपे तपासणीपूर्वीच वगळली जातात. म्हणजे ही पद्धत सर्रास आढळणारी, छोट्या परिणामाची रूपे शोधते. दुर्मीळ आणि मोठ्या परिणामाची तिच्या जाळ्यातून निसटतात.

दुवा सापडल्यानंतरचे काम वेगळ्या प्रयोगशाळेत सुरू होते. तो स्निप प्रथिनाची घडण बदलतो का, ते जनुक लाकूड तयार होत असलेल्या पेशींत जागे असते का, त्याचे काम वाढवले वा दाबले तर लाकूड अपेक्षेप्रमाणे बदलते का, हे पाहावे लागते. पॉप्लरमधल्या एका शोधाने या पाठपुराव्याचे मोल दाखवून दिले. लिग्निनशी जोडलेल्या खुणांपैकी एक अशा विकराच्या जनुकात निघाली जे वनस्पतींत एरवी हरितलवकात राहून सुगंधी अमिनो आम्ले बनवण्याच्या साखळीत काम करते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले की पॉप्लरमधल्या या प्रतीला एक जादा तुकडा जोडलेला आहे. तिच्यापासून बनलेले प्रथिन पेशीकेंद्रात जाते आणि तिथे दुसऱ्या जनुकाला दाबून लिग्निनची साखळी नियंत्रित करते. संशयितांच्या यादीतून हे काम कधीच कळले नसते, कारण त्या विकराला नियामक म्हणून कोणी ओळखतच नव्हते.

प्रत्यक्ष पैदाशीत मात्र एकेका दुव्यावर झाडे निवडणे फारसे रुजले नाही. परिणाम इतके बारीक असतील, तर ठरावीक दहा खुणा वेचण्यापेक्षा सगळ्याच खुणांना थोडेथोडे वजन देऊन बेरीज करावी, असा विचार म्यूविसेन, हेज आणि गोडार्ड यांनी २००१ मध्ये जनावरांच्या पैदाशीसाठी मांडला होता. २०१२ च्या सुमारास तो लॉब्लॉली पाइन आणि निलगिरीवर वापरून पाहिला गेला. यात कोणते जनुक काय करते हे कळत नाही, रोपाचा एकूण अंदाज तेवढा मिळतो, आणि तोही ज्या समूहावर हिशेब बसवला त्याच्या नात्यातल्या रोपांपुरताच चांगला असतो. अनोळखी समूहात तो लवकर कोसळतो, कारण सोबत दोन हजार अक्षरांत विरण्याचा तोच नियम इथेही आड येतो. कारण समजून घ्यायचे असेल तर साहचर्य, अंदाज हवा असेल तर ही बेरीज, अशी कामाची विभागणी आता बरीचशी स्थिरावली आहे.

वयाचा प्रश्न दोन्हीकडे उरतोच. मध्यापासूनच्या चौथ्या वलयातल्या घनतेशी जोडलेला स्निप पंधराव्या वलयात निष्प्रभ ठरू शकतो, कारण कोवळे आणि प्रौढ लाकूड घडवताना झाड वेगवेगळ्या जनुकांवर कमी-अधिक भर देते. इथे ती सळी पुन्हा कामी येते: वलयांनुसार मोजमाप हाताशी असल्याने प्रत्येक वयासाठी दुवा वेगळा तपासता येतो, आणि तो कोणत्या वर्षी दिसू लागला व कधी मावळला हेही कळते. शिवाय सळी काढलेले झाड उभेच असते. छिद्र राळेने भरून येते, त्याच्यावर नवे लाकूड चढते, आणि दहा वर्षांनी त्याच झाडातून दुसरी सळी काढून पहिल्या वेळी नसलेली दहा वलये मोजता येतात.